स्वभावातले २४ गुण ओळखायची ती फुकट चाचणी दिली आणि माझ्या शिलाईच्या कामाचं टाइमटेबलच बदललं : चार महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

नाशिकला सिडकोत घरीच ब्लाउज शिवते मी, सतरा वर्षं झाली. दोन मशीन, एक इंटरलॉक, मदतीला एक मुलगी. मिस्टर सातपूरला कंपनीत, त्यांच्या शिफ्ट दर आठवड्याला फिरतात, सासूबाई घरी असतात आणि लेक कॉलेजला मानसशास्त्र शिकते. हे सगळं आधी सांगते कारण दिनक्रमावरचे जे रिव्ह्यू मी वाचले ते बहुतेक एकट्या राहणाऱ्या, लॅपटॉपवर काम करणाऱ्या माणसांचे होते, आणि आमच्यासारखीला प्रश्न पडतो की नळाला पाणी सहाला येतं, डबा साडेसातला जातो, मग यातलं माझ्या हातात आहे तरी किती.

तर रिव्ह्यू कशाचा, ते सांगते. व्हीआयए नावाची एक संस्था आहे अमेरिकेत, सिनसिनाटीला, त्यांची ऑनलाइन चाचणी आहे, स्वभावातल्या जमेच्या बाजू ओळखायची. फुकट आहे. ईमेल टाकून नाव नोंदवायचं, ९६ वाक्यं येतात, प्रत्येकासमोर पाच पर्याय, म्हणजे हे वाक्य मला अगदी लागू पडतं इथपासून ते अजिबात लागू पडत नाही इथपर्यंत, आणि शेवटी तुमचे २४ गुण क्रमाने लावून मिळतात, पहिल्यापासून चोविसाव्यापर्यंत. एकट्याने भराभर दिली तर पंधरा मिनिटांत होते, आम्हाला दीड तास लागला, ते का ते पुढे येईलच.

लेकीला कॉलेजात हा विषय होता म्हणून तिने आणलं हे घरात. तिने सांगितलेलं थोडक्यात लिहिते. मार्टिन सेलिगमन आणि ख्रिस्तोफर पीटरसन हे दोन मानसशास्त्रज्ञ, त्यांनी २००४ साली एक जाडजूड ग्रंथ काढला, त्यात हे २४ गुण मांडले. त्यांचं म्हणणं असं की आजारांची यादी करणारी पुस्तकं भरपूर आहेत, माणसात चांगलं काय असतं त्याचीही नीट यादी हवी की नाही. मग वेगवेगळ्या संस्कृती, धर्म, तत्त्वज्ञानं धुंडाळून सहा मोठे गट केले, शहाणपण, धैर्य, माणुसकी, न्याय, संयम आणि सहावा म्हणजे स्वतःच्या पलीकडे बघायची ओढ, आणि त्या सहांत हे चोवीस बसवले. कुतूहल, चिकाटी, प्रामाणिकपणा, दयाळूपणा, विनोदबुद्धी, सावधपणा, कृतज्ञता असे सगळे आपल्या ओळखीचेच शब्द आहेत. मला हे आवडलं कारण यात कुठे तुम्ही नापास नाही, चोवीसच्या चोवीस गुण सगळ्यांत असतातच असं ते धरतात, फक्त कुठला वर कुठला खाली एवढंच.

आता आम्हाला दीड तास का लागला. चाचणी इंग्रजीतच दिली आम्ही, लेक एकेक वाक्य वाचून मराठीत सांगायची, मी उत्तर द्यायची, आणि सासूबाई पलंगावर बसून लसूण सोलत होत्या त्यांना राहवेना. मी शिस्तीची आहे का अशा अर्थाचं काहीतरी वाक्य आलं, मी म्हटलं हो, बऱ्यापैकी. सासूबाई लगेच, “अगं तू मागच्या आठवड्यात तीन रात्री एक वाजेपर्यंत मशीनवर होतीस, ही कसली शिस्त?” लेक म्हणाली, “आजी, उत्तर आईने द्यायचंय.” त्या म्हणाल्या, “देऊ दे की, पण खरं देऊ दे.” मी थांबले, आणि उत्तर बदललं. असं पाच-सहा वेळा झालं. काही ठिकाणी त्या माझ्या बाजूनेही बोलल्या, कुणाला मदत करायच्या वाक्याला मी मधलं उत्तर देत होते तर म्हणाल्या, “नाही गं, तिला वरचं लिही, त्या समोरच्या बाईचं बाळंतपण हिने केलं.” मला डोळ्यात पाणी आलं खरं सांगते, इतक्या वर्षांत त्या असं तोंडावर कधी बोलल्या नव्हत्या. म्हणून माझा पहिला सल्ला हाच, चाचणी एकट्याने देऊ नका, तुम्हाला रोज बघणारं एक माणूस शेजारी बसवा. स्वतःच स्वतःबद्दल उत्तरं द्यायची असल्यावर माणूस जसं असावंसं वाटतं तसं लिहितो, यात खोटेपणा नसतो, फक्त स्वतःचं स्वतःला दिसत नाही.

माझे पहिले पाच असे आले. एक, सौंदर्याची आणि उत्तम कामाची पारख. दोन, प्रामाणिकपणा. तीन, दयाळूपणा. चार, चिकाटी. पाच, कुतूहल. आणि अगदी शेवटी चोविसाव्या नंबरला स्वतःवरचा ताबा.

शेवटचा बघून मी खट्टू झाले. त्याचं कारण आहे. त्याआधी वर्षभरापूर्वी मी एक २१ दिवसांचा कोर्स केला होता, नाव घेत नाही, पैसे भरून, पहाटे साडेचारला उठायचं, ध्यान, व्यायाम, डायरी, आणि ग्रुपवर उठल्याचा फोटो टाकायचा. मिस्टरांची सेकंड शिफ्ट असली की ते रात्री साडेबाराला जेवतात, मी साडेचारला कशी उठणार, तरी सहा दिवस उठले, सातव्या दिवशी डोकं इतकं जड झालं की कात्री धरवेना. ग्रुपवर लिहिलं तर उत्तर आलं की तुमची इच्छाशक्ती कमी पडते. ते वाक्य मी वर्षभर मनात घेऊन फिरत होते, आणि इथे पण स्वतःवरचा ताबा चोविसावा, म्हणजे तो माणूस खरंच बोलला असं वाटलं. तेव्हा लेकीने मला एक गोष्ट दाखवली. ५४ देशांतल्या एक लाखाहून जास्त माणसांची उत्तरं पीटरसन, सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एकत्र मांडली होती, त्यात दयाळूपणा, प्रामाणिकपणा, कृतज्ञता हे जवळजवळ सगळीकडे वर, आणि स्वतःवरचा ताबा, सावधपणा, नम्रता हे सगळीकडे खाली. म्हणजे जगभर बहुतेकांचा तो खालीच असतो! मग ज्याच्यावर बहुतेक माणसं कच्ची, नेमकं त्याच्याच जोरावर सगळा दिवस उभा करायला सांगणारे कोर्स का विकतात, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो आणि मी तो गंभीरपणे विचारतेय, कारण आमच्या भिशीतल्या चार बायकांनी तसले पैसे भरलेत आणि चौघीही स्वतःला दोष देत बसल्यात.

पण चाचणीचा निकाल हातात आला म्हणून काही होत नाही, हे मी स्पष्ट सांगते. आणि हे माझं मत नाही, त्यांच्याच अभ्यासात आहे. २००५ साली सेलिगमन, पीटरसन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी इंटरनेटवरून लोक घेऊन प्रयोग केला, गट पाडले. एका गटाला फक्त आपले वरचे पाच गुण ओळखा आणि ते वापरत राहा एवढंच सांगितलं. दुसऱ्या गटाला सांगितलं की त्यातला एक गुण आठवडाभर रोज नव्या पद्धतीने वापरा. पहिल्या गटाला थोडे दिवस बरं वाटलं आणि विरलं, दुसऱ्या गटाचा फरक सहा महिने टिकला, आनंद वाढला आणि उदासीची लक्षणं कमी झाली. आणि ज्यांनी आठवडा संपल्यावरही आपणहून चालू ठेवलं त्यांना जास्त फायदा. त्यामुळे कुणी तुम्हाला म्हटलं चाचणी दे आणि आयुष्य बदलेल तर ते अर्धंच सांगतायत. खरं काम त्यानंतर आहे, रोजच्या कामात ते गुण कुठे बसवायचे त्याचं.

माझ्या कामात मी ते कसं बसवलं ते आता नीट लिहिते, कारण मला वाचायला मिळालं असतं तर हेच वाचायचं होतं.

आधी माझा दिवस कसा होता. डबे गेले की नऊला मशीनवर बसायचं, समोर जे येईल ते. कुणी मापं द्यायला आलं की उठा, कुणी फॉल-पिकोची साडी टाकायला आलं की उठा, फोन तर सतत. कटिंग मधेच कुठेतरी, बहुतेक दुपारी तीन-चारला, डोळ्यावर झोप असताना. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते आणि मग तर विचारूच नका.

अशाच एका दुपारी माझ्या हातून जे झालं ते मी विसरू शकत नाही. येवल्याची पैठणी, नवरीच्या आईची, ब्लाउजपीस साडीतलंच, म्हणजे दुसरं मिळायची सोय नाही. बाहीला काठ घ्यायचा होता. बाही कापताना कापड सुलट बाजू आत घेऊन दुमडून दोन थर एकदम कापायचे, कारण मुंढ्याची, म्हणजे बाही खांद्याला जोडतात तिथली, पुढची गोलाई मागच्यापेक्षा खोल असते, एक बाही डावी एक उजवी निघायला हवी. काठ पुरत नव्हता म्हणून मी एकेक थर सुटा कापत होते, मधे फोन वाजला, बोलता बोलता दुसरी कापली, पेपर कटिंग, म्हणजे बाहीचा कागदी नमुना, उलटवायचं राहिलं आणि दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघाल्या. मी ते दोन तुकडे हातात धरून जमिनीवर बसले तशीच. शेवटी काखेखाली दिसणार नाही असा जोड देऊन भागवलं, गिऱ्हाइकाला खरं सांगितलं, शिलाई घेतली नाही, त्या बाई चांगल्या, समजून घेतलं. पण माझ्या जिवाला लागलं ते लागलंच.

लेकीने विचारलं की आई तुझा पहिला गुण सौंदर्याची पारख, तो तू दिवसात कुठे वापरतेस? मी म्हटलं अगं दिवसभर तेच करते की. ती म्हणाली, नाही, दिवसभरात नेमका कधी, किती वाजता. आणि मला सांगता येईना. विचार केल्यावर कळलं की कटिंग हीच ती वेळ. काठ बाहीवर कुठे बसेल, पाठीवर बुट्टी मधोमध येईल का, खणाची रेघ दोन्ही पुढच्या भागांवर एका ओळीत जुळेल का, हे बघताना मला तहान-भूक लागत नाही. शिलाई हात करतात, कटिंग डोळे आणि मन करतं. आणि तेच मी दिवसातल्या सगळ्यात थकलेल्या, सगळ्यात कटकटीच्या तासाला ढकललं होतं.

म्हणून पहिला बदल, सकाळी साडेआठ ते अकरा फक्त कटिंग. फोन सायलेंट करून किचनमध्ये फ्रिजवर. अस्तराची कापडं आदल्या रात्री भिजवून वाळत टाकायची, सकाळी इस्त्री करून तयार. आणि सुरुवात करायची ती त्या दिवसातल्या सगळ्यात सुंदर कापडाने. हे शेवटचं ऐकायला काहीतरीच वाटेल पण मला त्याचा फार उपयोग झाला. आधी मी सोपं आधी अवघड नंतर करायचे, भारी कापडाची भीती वाटायची म्हणून. आता पैठणी असो, इरकल असो, ती पहिली टेबलावर येते, मी दोन मिनिटं नुसती उलगडून बघते, काठावरून हात फिरवते, आणि मग खडू धरते. त्या दोन मिनिटांत दिवस माझा होतो.

हे अडीच तास मिळवायला मात्र घरात बोलावं लागलं. ते सहज झालं नाही. मिस्टरांची फर्स्ट शिफ्ट असली की प्रश्न नसतो, पण नाइट करून ते साडेआठला घरी येतात, चहा-नाश्ता लागतो. मी त्यांना निकालाचा कागद दाखवला आणि सांगितलं की या वेळात माझ्या हातून चूक होत नाही, आणि एक पैठणी बिघडली तर महिन्याची कमाई जाते. नाश्ता झाकून ठेवते, चहा तुमचा तुम्ही करा. केला त्यांनी. पहिल्या आठवड्यात दोनदा विचारायला आले साखर कुठंय, पुढे नाही आले. ज्या घरात असं बोलणंच होऊ शकत नाही तिथल्या बाईला ही चाचणी एकटी काय देणार, हा विचार मला येतो. अडीच तास नाही मिळाले तर अर्धा तास मागा, पण मागा.

दुसरा गुण प्रामाणिकपणा, आणि इथे मला सगळ्यात मोठा धक्का बसला. आमच्या धंद्यात एक वाक्य चालतं, “परवा या ना, तयार असेल.” सगळे टेलर म्हणतात, मीही सतरा वर्षं म्हणत आले. परवा तयार नसणार हे मला बोलतानाच माहीत असायचं. मग परवा गिऱ्हाईक आलं की पोटात गोळा, बेल वाजली की धस्स व्हायचं, रात्री जागून शिवायचं ते याच्याचपायी. मी समजत होते की मला कामाचा ताण आहे. कामाचा नव्हताच तो. जिचा दुसऱ्या नंबरचा गुण प्रामाणिकपणा आहे ती बाई दिवसातून आठ-दहा वेळा खोटं बोलत होती आणि त्याचा तिला त्रास होत होता. हे मला या कागदामुळे कळलं, एवढ्यासाठी मी या चाचणीला कितीही मार्क द्यायला तयार आहे.

आता खरी तारीख सांगते. साधा ब्लाउज आठ दिवस, अस्तर-पायपिंगचा दहा, पॅडचा किंवा वर्कचा पंधरा. पहिल्या महिन्यात तीन गिऱ्हाइकं गेली, “पलीकडची चार दिवसांत देते” म्हणून. वाईट वाटलं, भीतीही वाटली. त्यातली एक परत आली, दोन नाही आल्या. पण राहिल्या त्यांना आता माहीत झालंय की वीस तारीख म्हटली की वीस. आणि रात्री अकराला मशीनवर कापड टाकून झाकते मी. चार महिन्यांत मोजून पाच वेळा उशीर झाला, त्यातल्या तीन रात्री मकरसंक्रांतीच्या आधीच्या, सगळ्यांना काळ्या साडीवरचे ब्लाउज एकदम हवे असतात.

तिसरा दयाळूपणा. हा गुण वर असला की माणसाला छान वाटतं, पण गुणाचा अतिवापर पण होतो असं या संस्थेचीच माणसं सांगतात, म्हणजे नको तिथे नको तितका वापरला की तोच नडतो. मला ते तंतोतंत पटलं. अर्जंट म्हणून कुणी रडवेल्या तोंडाने आलं की मी घेणारच, मग आधीची जी बाई तारीख धरून बसलीय तिच्यावर अन्याय. म्हणजे समोर असलेल्या बाईवर दया, आणि समोर नसलेल्या बाईला भुर्दंड. आता एक छोटा फळा आणलाय, त्यावर आठवड्याचे दोन अर्जंट चौकोन, भरले की भरले. आणि गिऱ्हाइकांची वेळ संध्याकाळी चार ते सहा. या दोन तासांत मी मशीनवर नसतेच, पूर्ण त्यांची असते. बसवते, चहा करते, मापं घेताना गप्पा मारते. एका ताईंचं ऑपरेशन झालेलं, एका बाजूला सूज होती, त्यांना नेहमीच्या मापाचा ब्लाउज होत नव्हता आणि दुकानात सांगायला लाज वाटायची. त्यांच्याशी अर्धा तास बोलून पुढून हुक, एका बाजूला दाब, म्हणजे शिवणीतलं कापड, जास्त सोडलेला, मऊ अस्तराचा ब्लाउज काढला. धावपळीच्या दिवसांत मी फक्त टेप लावला असता आणि त्यांनी काही सांगितलंही नसतं.

चिकाटीबद्दल विशेष लिहिण्यासारखं नाही, ती होतीच, ओव्हरलॉक-हुक-काजाची कंटाळवाणी कामं दुपारी दीड ते साडेतीन टाकली, डोकं लागत नाही, रेडिओ चालू असतो, होऊन जातात. कुतूहलासाठी बुधवारची दुपार राखली. त्या दिवशी एक तास नवीन काहीतरी. जुने ब्लाउज उसवून बघते, जुन्या टेलरने कटोरीचा टक कुठे दिला, आतून दाब किती ठेवला. मागच्या महिन्यात सासूबाईंचा १९७०च्या आसपासचा एक चोळीसारखा ब्लाउज उसवला, त्याच्या काखेत चौकोनी ठिगळ होतं, मला वाटलं फाटलं म्हणून लावलंय, पण ते मुद्दाम दिलेलं, हात वर केला तरी ब्लाउज वर सरकू नये म्हणून. ते मी आता नऊवारीवाल्या दोघींना करून दिलं, खूश आहेत.

राहिला तो चोविसावा, स्वतःवरचा ताबा. त्याच्याशी मी भांडण सोडून दिलं. हिशोब लिहायचा कंटाळा, तारखा वहीत टाकायचा कंटाळा, हे माझ्याच्याने होत नाही हे मान्य केलं. मग सुचलं की सासूबाईंची पण चाचणी घेऊ. लेकीने घेतली. त्यांचा पहिला आला सावधपणा, दुसरा कृतज्ञता. सावधपणा म्हणजे तोच जो जगभर खाली असतो! त्यांनी आयुष्यात कुणाला न विचार करता शब्द दिला नाही हे आम्हाला सगळ्यांना माहीतच होतं. आता तारखेची वही त्यांच्या पलंगाशी असते. गिऱ्हाइकाने मापं दिली की मी म्हणते, “आई, कधीची तारीख देऊ?” त्या चष्मा लावून पानं चाळतात, बोट ठेवून मोजतात आणि सांगतात. मी मधे बोलत नाही. रविवारी रात्री लेक हिशोबाला माझ्याशेजारी बसते, एकटीने मी कधीच बसले नसते.

मदतीच्या मुलीला पण दिली, तिचा विनोदबुद्धी पहिला आणि माणसं ओळखणं दुसरा निघाला. तिला मी तीन वर्षं कोपऱ्यात हुक लावायला बसवली होती. आता चार ते सहा ती माझ्याबरोबर पुढे असते, लहान मुली परकर-पोलक्याचं माप देताना रडत नाहीत ती असली की.

आता चाचणीच्या मर्यादा, त्या सांगायलाच हव्यात. एक तर उत्तरं तुम्हीच देणार, त्यामुळे त्या दिवशीच्या मनःस्थितीचा फरक पडतो. मी अडीच महिन्यांनी परत दिली तर पहिले तीन तेच आले, चौथा-पाचवा बदलला, कृतज्ञता वर आली. म्हणून सहावा-सातवा नंबर यावर फार जीव टाकू नका, शेजारशेजारच्या गुणांत फरक थोडाच असतो. दोन, फुकटच्या निकालात क्रम आणि एकेक ओळ माहिती एवढंच मिळतं, सविस्तर रिपोर्टला पैसे लागतात, तो आम्ही घेतला नाही आणि अडलंही नाही. तीन, शब्द नीट समजावून देणारं कुणी हवं, कारण प्रुडन्स (म्हणजे तो सावधपणा), झेस्ट असल्या शब्दांचे नेमके अर्थ कळले नाहीत तर उत्तर चुकतं. झेस्टला आम्ही आधी उत्साह म्हटलं, मग अंगातला जोम म्हटलं, तेव्हा मला बरोबर उत्तर देता आलं. आणि कुणाला खरंच खूप उदास वाटत असेल, झोप-जेवण गेलं असेल तर डॉक्टरकडे जा, हा त्याच्यावरचा उपाय नाही.

भाच्याने हिंजवडीला कंपनीत दुसरी एक चाचणी दिलीय, क्लिफ्टनस्ट्रेंग्थ्स, गॅलप नावाच्या अमेरिकन कंपनीची, ती पण खूप चालते. तिच्यात ३४ प्रकार, १७७ जोड्या, प्रत्येक जोडीला २० सेकंदच मिळतात, आणि ती पैसे भरून आहे. त्याचा निकाल मी वाचला, त्यात काम कसं करता, लोकांवर प्रभाव कसा पाडता यावर जास्त भर आहे, ऑफिसवाल्यांना बरी पडेल. मला माणूस म्हणून मी कशी आहे हे जाणून घ्यायचं होतं, त्यासाठी ही २४ वाली जास्त जवळची वाटली, आणि घरातल्या तीन पिढ्यांना एकाच कागदावर बोलता आलं.

मार्क द्यायचे तर चाचणीला पाचपैकी चार. एक कापला कारण नुसत्या निकालावर पुढे काय करायचं ते आपलं आपल्याला शोधावं लागतं, आणि बहुतेक जण तिथेच सोडून देतात. माझ्या ओळखीतल्या सात जणींनी दिली, दोघींनीच पुढे काही बदललं. त्यातली एक पोळी-भाजीचे डबे करते, तिचा नेतृत्व वर आला, तिने स्वतः पोळ्या लाटणं कमी करून दोन बायकांना शिकवलं, आता चाळीसचे सत्तर डबे झालेत. दुसरी शाळेत शिक्षिका, कल्पकता पहिली, तिने वह्या तपासायचं काम मधल्या सुट्टीत उरकून घरची संध्याकाळ चित्रांसाठी मोकळी केली.

कुणाला करायचं असेल तर निकाल आल्यावर पाचही गुण धरू नका, पहिला एकच घ्या, आणि कागदावर लिहा की काल तो मी किती वाजता वापरला. वेळ लिहिता आली नाही तर तिथूनच सुरुवात करायची. मी आठ दिवस फक्त सकाळच्या कटिंगचंच बघितलं होतं, बाकी सगळं जसं होतं तसंच, खऱ्या तारखा तर तिसऱ्या आठवड्यात सुरू केल्या.

कालच एक जण आल्या, मुलीचा साखरपुडा, अर्जंट हवं म्हणाल्या, फळ्यावरचे दोन्ही चौकोन भरलेले. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी वही उघडली, दोन पानं मागे-पुढे केली आणि म्हणाल्या, “शुक्रवारचा एक आपल्या जाऊबाईंचा आहे, त्यांना मी फोन करून विचारते, त्या थांबल्या तर यांचं घे, नाही थांबल्या तर नाही.” जाऊबाई थांबल्या. मोरपंखी काठाचं कापड आहे, उद्या सकाळी साडेआठला टेबलावर पहिलं तेच येणार, अस्तर आत्ताच भिजत घालून आले.